आधी पुरावा, मग पावती

कोविड होऊन वर्ष-दोन वर्षे उलटली तरी ज्यांच्या अंगात त्राण नाही, जिना चढताना ज्यांना दम लागतो, वाचलेले पान ज्यांच्या डोक्यात राहत नाही, अशा रुग्णांपुढे गेल्या काही वर्षांत एक उपचार मोठ्या आशेने मांडला जात आहे. बंद चेंबरमध्ये बसायचे, आतल्या हवेचा दाब वाढवायचा आणि मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. याला हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी म्हणतात. दवाखान्यांच्या बोलण्यात नुसते एचबीओटी. एका बैठकीला, म्हणजे जिला आपण सिटिंग म्हणतो तिला, साधारण दीड तास लागतो आणि अशा चाळीस सिटिंगचा कोर्स सुचवला जातो. लाँग कोविडवर हा उपचार चालत नाही असे ठामपणे म्हणण्याजोगी स्थिती आज नाही. तो चालतो असे म्हणण्याजोगीही नाही. अशा अधांतरी अवस्थेतला उपचार रुग्णाला द्यायचा असेल, तर तो चाचणीचा भाग म्हणून, नीट नोंद ठेवून आणि एक पैसाही न घेता द्यावा. त्याचे पॅकेज करून तो विकणे थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजार खरा आहे, याबद्दल आधी शंका नको. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांच्या टप्प्यावर असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्याही निदानात न बसणारी लक्षणे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, रुग्णालयातून घरी गेलेल्या १४,४१९ कोविडरुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला, त्यांतल्या १७.१ टक्के जणांनी कोविडनंतरचा त्रास मागे राहिल्याचे सांगितले. विषाणू गेल्यावरही दुखणे मागे राहते, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत ताप आठवड्यात उतरला, पण सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, जमिनीवर बसले तर उठवत नाही, अशी तक्रार कितीतरी घरांत महिनोन्महिने चालू होती. लाँग कोविडच्या रुग्णाची अडचण त्याहून मोठी, कारण त्याचे दुखणे सुजलेल्या सांध्यासारखे डोळ्यांना दिसत नाही. छातीचा फोटो स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, ऑक्सिमीटरवर ९८. आणि डॉक्टरांचा सल्ला, टेन्शन घेऊ नका. असा माणूस उपचार शोधत फिरतो, यात त्याचा काडीचाही दोष नाही. त्यातून ऑक्सिजन या शब्दाने आपल्या मनात खोल घर केले आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सिलिंडरसाठी रात्रभर रांगा लागल्या. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण गेले. ज्या समाजाने ऑक्सिजनअभावी माणसे जाताना पाहिली, त्याला ऑक्सिजन जास्त मिळाला की माणूस बरा होईल हे पटवून द्यावे लागत नाही. म्हणूनच इथे जपून बोलायला हवे.

शरीरातला हिशेब काय सांगतो ते पाहू. आपल्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि तो जवळजवळ सगळा लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेला असतो. रक्ताच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर. निरोगी फुप्फुसे साध्या हवेतच हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरून टाकतात, त्यामुळे अशा माणसाला नाकात नळी लावून आणखी ऑक्सिजन दिला तरी रक्तात फारशी भर पडत नाही. कोविडने फुप्फुसांत व्रण राहिले आहेत आणि चालताना ऑक्सिमीटर खरोखरच खाली येतो, अशा रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी घरातला कॉन्सन्ट्रेटर हे रीतसर औषध आहे आणि त्याबद्दल वाद नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनचे गणित मात्र निराळे. दाब वाढला की द्रवात वायू जास्त विरघळतो, आणि दुप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर विरघळलेला ऑक्सिजन ०.३ वरून ४ मिलिलिटरच्या पुढे जातो. १९६० च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये इटे बुरेमा या शल्यविशारदाने तिप्पट दाबाखाली डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून टाकल्या, तरी ती काही काळ जगली. म्हणजे या उपचारामागे ठोस शरीरशास्त्र आहे. पाणबुड्यांना खोलातून झपाट्याने वर आल्यावर होणारा त्रास, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन, मधुमेहींच्या पायाच्या काही चिघळलेल्या जखमा, किरणोपचारानंतर न भरणारे व्रण अशा चौदा-पंधरा कारणांसाठी तो मान्यताप्राप्त आहे. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात असे चेंबर आहेत ते उगाच नाहीत. तेव्हा एचबीओटीला सरसकट थोतांड म्हणणे हे अज्ञान ठरेल.

प्रश्न असा की लाँग कोविडमध्ये रक्तात ऑक्सिजन कमी पडतो का? उपलब्ध अभ्यास वेगळीच दिशा दाखवतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी फुप्फुसे आणि हृदय ठीक असलेल्या दहा लाँग कोविड रुग्णांना सायकल चालवायला लावून रक्तवाहिन्यांत नळ्या घालून मोजमाप केले. रक्त ऑक्सिजन घेऊन निघत होते, पण स्नायूंनी त्यातला जितका उचलायला हवा तितका उचलला जात नव्हता. २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गटाने २५ रुग्ण आणि २१ निरोगी माणसांच्या स्नायूंचे तुकडे व्यायामाआधी आणि नंतर तपासले. रुग्णांच्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावलेली होती आणि श्रमानंतर स्नायूंची हानी वाढत होती. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आणि स्वयंपाकघरातल्या नळाला मात्र धार नाही, असा हा प्रकार आहे. टाकीत आणखी पाणी चढवल्याने नळ सुटेलच असे नाही. उपचाराच्या समर्थकांनाही हे ठाऊक आहे, म्हणून त्यांचे म्हणणे आता थोडे बदलले आहे. ऑक्सिजनची पातळी एकदम चढते आणि उतरते, त्या चढउतारालाच शरीर इशारा समजते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, मूळपेशी जाग्या होतात, असे ते मांडतात. ही मांडणी विचारात घेण्याजोगी आहे. पण कशामुळे फायदा व्हावा हे सांगणे आणि फायदा झाला हे दाखवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट रुग्णांवरच्या चाचणीतूनच ठरते.

अशा चाचण्यांत सर्वाधिक उल्लेख होतो तो इस्रायलमधल्या शामीर वैद्यकीय केंद्राच्या चाचणीचा. शाय एफ्राती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जुलै २०२२ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यात ७३ रुग्णांचे निकाल आहेत. ३७ जणांना दुप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनच्या चाळीस सिटिंग मिळाल्या, तर ३६ जणांना तशाच चेंबरमध्ये जवळजवळ नेहमीच्याच दाबाखाली साधी हवा. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना सांगितले नव्हते. लक्ष, नियोजनक्षमता, झोप, उत्साह, वेदना अशा अनेक बाबतींत खऱ्या उपचाराचा गट पुढे राहिला. फरक मध्यम होता, पण होता. चाचणी नीट आखलेली होती आणि तिला डावलून चालणार नाही. तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या. रुग्ण मोजके. मुख्य मोजमाप शेवटच्या सिटिंगनंतर एक ते तीन आठवड्यांत घेतलेले. वर्षभरानंतर फायदा टिकल्याचा जो अहवाल २०२४ मध्ये आला, तो उपचार घेतलेल्या ३१ जणांचा. तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे उपचाराने टिकले की काळाने सुधारले हे त्यावरून कळत नाही. लेखकांपैकी काहींचे या उपचाराची केंद्रे चालवणाऱ्या कंपनीशी आर्थिक संबंध होते आणि तेही त्यांनी प्रामाणिकपणे छापले होते. त्यावरून निकाल खोटा ठरत नाही. असा निकाल दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी पुन्हा मिळाला पाहिजे, एवढी अपेक्षा मात्र रास्त ठरते.

दुसऱ्या हातांनी केलेली चाचणी स्वीडनमधली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात ८० लाँग कोविड रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. सहा आठवड्यांत दहा सिटिंग. एका गटाला सुमारे २.४ पट दाबाखाली ऑक्सिजन, दुसऱ्याला अगदी किरकोळ दाबाखाली साधी हवा. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि मोजमाप करणाऱ्यांनाही नव्हते. तेरा आठवड्यांनी रोजची कामे करण्याची क्षमता तपासली. २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला: दोन्ही गट सुधारले, आणि दोहोंत फरक आढळला नाही. या वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्धाइतकाच महत्त्वाचा आहे. साधी हवा घेणारेही सुधारले. म्हणजे चेंबरमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारले असते, तर कित्येकांनी मनापासून सांगितले असते की मला गुण आला. ते खोटे बोलले नसते. तरीही तो गुण ऑक्सिजनचा होता असे सिद्ध झाले नसते.

असे का होते हे समजायला एक सिटिंग जवळून पाहावी. अंगावर सुती कपडे, केसांना तेल नाही, खिशात मोबाइल नाही, लायटर नाही. दार बंद होते, हवा आत शिरल्याचा आवाज येतो, घाट चढताना बसतात तसे कानांना दडे बसतात, आवंढा गिळून ते सोडवायचे. मग मास्क चढतो. वीस मिनिटे ऑक्सिजन, पाच मिनिटे मास्क काढून साधी हवा, पुन्हा वीस मिनिटे. बाहेरून तंत्रज्ञ काचेतून पाहत असतो, विचारपूस करत असतो. ज्याचे दुखणे वर्षभर कोणी खरे मानले नाही, त्याच्याकडे आता आठवड्यातले पाच दिवस कोणीतरी गांभीर्याने लक्ष देत आहे. त्यात लाँग कोविडचे अनेक रुग्ण काळ जाईल तसे हळूहळू सुधारतातही. विचारपूस, अपेक्षा आणि काळ या तिन्हींचा गुण ऑक्सिजनच्या खात्यावर जमा होऊ नये, यासाठीच तुलनेचा गट लागतो. दाबाच्या उपचारांचा इतिहास तर याच चुकीने भरलेला आहे. ऑर्व्हल कनिंगहॅम या अमेरिकी डॉक्टरने १९१८ च्या फ्लूच्या साथीत दाबाखालच्या हवेने रुग्ण बरे होतात असे मांडले, आणि पुढे मधुमेह, कर्करोगापर्यंत मजल मारली. १९२८ मध्ये एका उद्योगपतीच्या पैशातून क्लीव्हलँड शहरात ६४ फूट व्यासाचा पाच मजली पोलादी गोल उभा राहिला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पुरावा मागितला. तो कधीच मिळाला नाही, आणि १९४२ मध्ये तो गोल भंगारात गेला.

मल्टिपल स्क्लेरोसिसची कथा लाँग कोविडच्या आणखी जवळची आहे. १९८३ मध्ये एका मान्यवर अमेरिकी नियतकालिकात ४० रुग्णांची छोटी चाचणी आली आणि एचबीओटीचा फायदा दिसला. ब्रिटनमध्ये रुग्णांनीच वर्गणी काढून चेंबर उभारले. १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १२० रुग्णांची मोठी चाचणी आली आणि तिच्यात म्हणण्यासारखा फायदा आढळला नाही, पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तोलूनही निष्कर्ष तोच निघाला. चेंबर मात्र उभेच राहिले, त्यांतले बरेच आजही चालू आहेत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या १११ मुलांवर कॅनडात झालेली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांतली मुले सारखीच सुधारली होती. अमेरिकी सैन्यातल्या, डोक्याला मार लागून त्रास मागे राहिलेल्या ७२ जणांवरच्या चाचणीत तर तीन गट होते: खरा ऑक्सिजन, दिखाऊ उपचार आणि चेंबरच नाही. चेंबरमध्ये बसलेले दोन्ही गट सुधारले, चेंबरबाहेरचा सुधारला नाही, आणि खऱ्या-दिखाऊत फरक निघाला नाही. छोट्या चाचणीतली आशा मोठ्या चाचणीत टिकत नाही हे या उपचाराच्या बाबतीत वारंवार घडले आहे. लाँग कोविडमध्येही तसेच घडेल असा निष्कर्ष यातून निघत नाही, पण सावधगिरीचे कारण मात्र नक्कीच मिळते.

समर्थकांचे दोन आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांना सरळ उत्तर द्यायला हवे. पहिला असा की स्वीडनमध्ये दहाच सिटिंग दिल्या, इस्रायलमध्ये चाळीस. अर्धवट डोस देऊन औषध चालत नाही असे कसे म्हणता? हे मला मान्य आहे. स्वीडनच्या चाचणीने दहा सिटिंगचा प्रश्न सोडवला, चाळीसचा नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष इतकाच की चाळीस सिटिंगची आणखी एक मोठी, स्वतंत्र चाचणी हवी. चाळीस सिटिंग विकण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की दिखाऊ उपचारातही दाब थोडा वाढवावा लागतो, नाहीतर रुग्णाला लगेच कळते, आणि १.३ पट दाबाखालची साधी हवा म्हणजे नेहमीच्या दाबाखाली २७ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखे आहे, म्हणून तोही एक सौम्य उपचारच आहे. क्षणभर हेही मान्य करू. मग तर २.४ पट दाब, महागडे चेंबर आणि शुद्ध ऑक्सिजन यांची गरजच उरत नाही. साध्या कॉन्सन्ट्रेटरने रुग्णाच्या घरीच तेवढा ऑक्सिजन मिळेल, तो अत्यल्प खर्चात तपासता येईल. आक्षेप खरा मानला तरी बाजू चेंबर विकणाऱ्याची मजबूत होत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो: गुण येतो आहे ना, मग कशाने येतो याच्याशी रुग्णाला काय करायचे? करायचे आहे, कारण त्याची किंमत रुग्ण मोजतो आहे. एका सिटिंगचे तीन हजार रुपये धरले तरी चाळीसचे १ लाख २० हजार होतात. त्यात जाण्यायेण्याचा खर्च, सोबत येणाऱ्याची बुडालेली हजेरी आणि आजारपणाने आधीच कमी झालेला पगार मिळवा. पैशापेक्षाही मोठी किंमत शरीराची. लाँग कोविडच्या बऱ्याच रुग्णांत श्रमानंतर कोसळण्याचे लक्षण असते. कुवतीबाहेर थोडे जास्त झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग पार गळून जाते आणि सावरायला आठवडे जातात. अशा माणसाला दोन महिने, आठवड्यातून पाच दिवस, ट्रॅफिकमधून दवाखाना गाठायला लावणे हेच त्याच्यासाठी अपायाचे ठरू शकते. चाचण्यांत भाग घेणारे हे चाळीस वेळा येऊ शकणारेच असतात. अंथरुणाला खिळलेल्यांचा अनुभव त्यांच्या आकड्यांत उमटत नाही. उपचाराचे स्वतःचे धोकेही आहेत. कानाच्या पडद्याला इजा होणे, नजर काही आठवडे अधू होणे हे बऱ्यापैकी आढळते. ऑक्सिजनच्या अतिरेकाने झटका येणे दुर्मीळ. अनुभवी रुग्णालयात हे सारे सांभाळले जाते. पण जिथे ऑक्सिजन दाटलेला असतो तिथे एका ठिणगीचाही भडका होतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एका खासगी केंद्रातल्या चेंबरला आग लागून पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. ज्या उपचाराचा फायदा सिद्ध आहे, त्यासाठी थोडा धोका पत्करणे शहाणपणाचे असते. फायदाच अनिश्चित असेल तर तो धोका कोणाच्या भल्यासाठी, हे विचारायलाच हवे.

ऑक्सिजनवर पेटंट मिळत नाही, म्हणून औषध कंपन्या चाचणीला पैसा घालणार नाहीत; मग रुग्णांनी किती वर्षे वाट पाहायची, असाही प्रश्न येतो. यातला पहिला भाग अगदी बरोबर आहे आणि म्हणूनच हे काम सरकारचे आहे. ते आपल्या देशात होऊ शकते याचा दाखला २०२० मध्येच मिळाला. बऱ्या झालेल्या रुग्णाचा प्लाझ्मा दिला की कोविडचा रुग्ण वाचतो, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. नातेवाईक दात्यांच्या शोधात वणवण करत होते, फोनवर फोन फिरत होते. त्या गदारोळातच आयसीएमआरने देशभरातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लॅसिड ही चाचणी केली. एप्रिल ते जुलै एवढ्या अवधीत रुग्ण घेतले गेले. प्लाझ्माने ना मृत्यू कमी झाले, ना आजार बळावणे थांबले. इतर देशांतूनही तसेच निकाल आले आणि मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. महामारीच्या ऐन भरात हे जमले, तर लाँग कोविडसाठी आता न जमायला काय झाले? नौदलाकडे चेंबर आणि जाणकार आहेत, मोठ्या शहरांत खासगी रुग्णालयांकडेही आहेत. निधी आणि इच्छा तेवढी हवी आहे.

एका आक्षेपाला मात्र मला सर्वाधिक आदराने उत्तर द्यायचे आहे. या रुग्णांना आधीच कोणी खरे मानले नाही. आता कुठे काही हाती लागत असताना पुरावा मागणे म्हणजे पुन्हा तेच दार तोंडावर आपटणे नव्हे का? या प्रश्नाचे उत्तर अशाच रुग्णांच्या लढ्यात सापडते. विषाणूनंतर येणाऱ्या दीर्घ थकव्याच्या आजारावर, म्हणजे एमई-सीएफएसवर, ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांची पेस नावाची चाचणी झाली आणि २०११ मध्ये तिचा निकाल आला. हळूहळू व्यायाम वाढवत नेला की रुग्ण सुधारतात, असे ती सांगत होती. या चाचणीत कोणाला कोणता उपचार मिळतो हे सर्वांना माहीत होते आणि मुख्य मोजमाप रुग्णांनी भरलेल्या प्रश्नावलीचे होते. रुग्णसंघटनांनी नेमके यावरच बोट ठेवले: अशा रचनेत अपेक्षेचा परिणाम उपचाराचा म्हणून मोजला जातो. व्यायामाने आपण अधिक आजारी पडतो हे ते ओरडून सांगत राहिले. अखेर २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याचा तो व्यायाम आपल्या शिफारशींतून काढून टाकला. चांगल्या पुराव्याचा आग्रह हे रुग्णांचेच हत्यार होते. नको असलेल्या उपचाराला जी कसोटी लावली, तीच हव्याशा वाटणाऱ्या उपचारालाही लावायला हवी. नाहीतर पुढच्या वेळी ते हत्यार बोथट झालेले असेल. रुग्णाच्या दुखण्यावर पूर्ण विश्वास आणि उपचाराच्या दाव्यावर पूर्ण तपासणी, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात आणि चांगला डॉक्टर त्या रोज करतो.

मग करावे काय, हेही नेमकेपणाने सांगायला हवे. आयसीएमआरने चाळीस सिटिंगची, अनेक शहरांत चालणारी चाचणी हाती घ्यावी. ती सुरू होण्याआधीच राष्ट्रीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीत नोंदवलेली असावी, म्हणजे निकाल पाहून मोजमाप बदलता येणार नाही. तीन गट असावेत: खरा ऑक्सिजन, दिखाऊ दाब आणि चेंबरऐवजी फक्त चांगली देखभाल. मोजमाप प्रश्नावलीवर थांबू नये. दिवसभरातली पावले, कामावर परतलेले दिवस, स्मरणशक्तीच्या चाचण्या, श्रमानंतर कोसळण्याचे प्रसंग हे सारे निदान वर्षभर नोंदवावे. रुग्णांचे प्रतिनिधी आखणीत असावेत. चाचणीबाहेर लाँग कोविडसाठी एचबीओटी विकण्यावर बंधन घालायला आपल्याकडे पायंडाही आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूळपेशींचा मान्य चाचणीबाहेरचा वापर अनैतिक ठरवला. रक्ताच्या आजारांसाठी होणारे मान्यताप्राप्त प्रत्यारोपण तेवढे त्यातून वगळले. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून संशोधनाचा खर्च घेऊ नये, हेही परिषदेच्या त्याच वर्षीच्या नीतिनियमांत आहे. तोच न्याय इथे लावता येईल. तोवर जिथे हा उपचार दिला जातो तिथे निदान एवढे व्हावे: संमतीपत्रावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे की एका छोट्या चाचणीत फायदा दिसला, दुसरीत दिखाऊ उपचारापेक्षा वेगळे काही दिसले नाही, आणि लाँग कोविडसाठी हा उपचार मान्यताप्राप्त कारणांच्या यादीत नाही.

निकाल येईपर्यंत रुग्णाने हातावर हात ठेवून बसावे असे मुळीच नाही. आजही बरेच काही करता येते. आपली कुवत ओळखून, मध्ये विश्रांती घेत कामे वाटून घेणे, म्हणजे ज्याला पेसिंग म्हणतात ते, श्रमानंतर कोसळणाऱ्यांसाठी अत्यावश्यक आहे. उभे राहताच ज्यांची नाडी धावू लागते, त्यांचे तसे निदान करून डॉक्टरांच्या सल्ल्याने पाणी-मीठ, दाब देणारे मोजे आणि गरज पडल्यास औषधे देता येतात. थकव्यामागे थायरॉइड, रक्तक्षय, व्हिटॅमिन बी १२ ची उणीव, मधुमेह किंवा क्षयरोग दडलेला नाही ना, हे तपासायलाच हवे, कारण यांवर खात्रीचे उपचार आहेत. यासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी विषाणूनंतरच्या आजारांची ओपीडी असावी. तिथे चिकुनगुन्याचाही रुग्ण यावा आणि कोविडचाही. आज असा रुग्ण सरकारी दारातून रिकाम्या हाताने परततो, म्हणूनच खासगी चेंबरचे पॅकेज त्याला शेवटचा आधार वाटते. विक्रेत्याला आवर घालणे आणि रुग्णाला आधार देणे ही दोन्ही कामे सरकारची आहेत, आणि पहिले केवळ दुसऱ्याच्या जोरावरच निभेल.

चाचणीत एचबीओटीचा फायदा खरोखर निघाला, तर त्याचा आनंद मला इतर कोणाहूनही कमी होणार नाही. त्या दिवशी हा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घ्या, अशी मागणी याच ताकदीने करावी लागेल, कारण सिद्ध झालेला उपचार फक्त दीड लाख खर्चू शकणाऱ्यांचा राहता कामा नये. फायदा निघाला नाही, तर हजारो कुटुंबांचा पैसा आणि रुग्णांची उरलीसुरली शक्ती वाचेल. दोन्ही निकालांत रुग्णाचे भलेच आहे. त्याचे नुकसान फक्त एकाच गोष्टीत आहे: निकालच न लावता पावत्या फाडत राहण्यात.